दुसरा उंचवटा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी लागलीय. आणि तरी मी असं काम निवडलं की ज्यात दिवसभर अंधाऱ्या खोलीत एका स्टीलच्या भांड्याशेजारी बसून राहायचं. निवडलं म्हणजे काय, मिळालं. उज्जैनला राहून इंदूरला पीएचडी करणाऱ्या पोरीला जे मिळतं ते. सकाळी नानाखेड्याहून बस, संध्याकाळी परत. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात, आणि अप-डाउन करणारा माणूस कायम कुठेतरी पोचायच्या घाईत असतो. मी पोचल्यावरही घाईतच असायचे.

काम काय होतं ते सांगते. घाबरू नका, समजेल असं आहे. पेन्सिलीच्या शिशासारखं काळं, चकचकीत एक खनिज असतं. त्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची, की पापुद्रा निघतो. त्या पापुद्र्याला पुन्हा पट्टी, पुन्हा ओढायचं. असं करता करता नशीब बरं असेल तर एखादा असा पापुद्रा हाती लागतो की त्याच्याहून पातळ तो होऊच शकत नाही. एकच थर, अणूंच्या मापाचा. हा सेमीकंडक्टर असतो, म्हणजे मोबाइलमधल्या चिपच्या जातीतलाच. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा लेसर टाकला की तो प्रकाशाचे दोन कण घेतो आणि दुप्पट ताकदीचा एक परत देतो. तो मात्र लाल असतो, दिसेल असा. न दिसणारं आत गेलं आणि दिसणारं बाहेर आलं! नॉनलिनिअर ऑप्टिक्स म्हणतात याला. मी पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईंना ओळखपाळख नसताना सांगितलं होतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकल्या.

आता तापमानाचं. अशा पापुद्र्याला प्रकाशाचा एक रंग विशेष मानवतो, आणि पापुद्रा थंड करत गेलं की तो मानवणारा रंग हळूहळू बदलतो. आपला लेसर तर आहे तोच असतो. म्हणून थंड होताना आधी चमक वाढते, दोघांचं नीट जुळतं तिथे सगळ्यात जास्त होते, आणि मग उतरते. कागदावर काढलं तर एक टेकडी दिसते. हे जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांना माहीत आहे. माझ्या आलेखात मात्र टेकडी उतरून गेल्यावर, पार कडाक्याच्या थंडीत, आणखी एक छोटा उंचवटा होता. तो दुसऱ्या कुणाच्याच आलेखात नव्हता.

पुन्हा प्रयोग केला, पुन्हा आला. आणखी एकदा केला, त्याच जागी आला. माझे गाइड, म्हणजे सर, सहसा कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी तो आलेख छापून आपल्या कपाटाच्या दारावर चिकटवला. पेपर लिहायला घेतला. माझ्या प्रबंधात बाकी सगळं आधी कुणी ना कुणी केलेलंच होतं, नवीन म्हणावं असं एवढंच. हा उंचवटा खरा असेल तर मी काहीतरी शोधलं होतं. नसेल तर इतकी वर्षं मी नुसतं अप-डाउन केलं होतं.

घरी मी हे सांगायलाच नको होतं. बाबांना राहवत नाही. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि बातम्या कमी. फिजिक्सशी त्यांचा संबंध म्हणजे फ्यूज बदलणे. पण उंचवटा त्यांना कळला. जेवताना टेबलावर बोटानं काढून दाखवायचे: "ही मोठी टेकडी, ही सगळ्यांची. आणि ही छोटी, ही आपली." आपली! माधव नगरच्या पोह्यांच्या दुकानावर तर त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, "दो पहाड़ निकले हैं. एक तो सबको पता था, दूसरा हमारी बिटिया ने ढूँढा." मी एकदा चटणी आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "दीदी, वो पहाड़ वाली आप ही हैं क्या?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाबा, अजून छापून नाही आलंय," मी घरी येऊन ओरडले.

"येईल ना. तीन वेळा आलाय म्हणालीस."

"हो, पण तुम्ही गावभर का सांगताय?"

"गावभर कुठे? पोह्यांपाशी बोललो फक्त."

फक्त पोह्यांपाशी नव्हते बोलले. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ सत्काराची असते. दहावी-बारावीत चमकलेली मुलं, कुणाचा सीए झालेला पुतण्या, कुणाची नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालेली सून. शाल, श्रीफळ, माइकवर दोन ओळी. श्रावणातच मंडळाच्या सचिवांचा मला फोन आला. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. "बेटा, तुझ्या शोधाचं नाव काय लिहू? जरा दमदार सांग." मी म्हटलं काका, अजून पक्कं नाही. ते म्हणाले, "तुझ्या बाबांनी मला टेबलावर काढून दाखवलंय. एकदम पक्कं आहे." झालं! बाबांकडे पाहिलं तर ते पेपर वाचत असल्याचं सोंग करत बसले होते.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच अस्वस्थ वाटायला लागलं होतं, आणि ते सत्कारामुळे नव्हे. ती अस्वस्थता आधीपासूनच होती. तो उंचवटा मला फार शहाणा वाटायचा. दर वेळी त्याच जागी, न चुकता. माझ्या आयुष्यात दुसरं काहीच इतकं शिस्तीत येत नव्हतं. बसमध्ये मी त्याच्याबद्दल विचार करत करत नखं कुरतडायचे, आणि इंदूर यायच्या आत बोटं दुखायला लागायची.

मग तो सोमवार आला, महाकालच्या सवारीचा, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीचा. शेवटची सवारी, शाही. आपला मराठी श्रावण इथल्यापेक्षा पंधरा दिवस मागून संपतो, म्हणून सवारीही तोवर चालते असं आमच्याकडे सांगतात. सवारी निघते दुपारनंतर, पण गाव सकाळपासूनच तुंबलेलं. घरातून निघाले तर ऑटोवाला वळणावरच थांबला. "मैडम, आगे बंद है." दुसऱ्या रस्त्यानं गेलो, तिथेही बंद. शेवटी पिशवी छातीशी धरून, लोकांना धक्के देत, घेत मी नानाखेड्याला चालत गेले. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसमधून माणसं उतरत होती आणि जाणारी बस हलायचं नाव घेत नव्हती. जीव नुसता वर-खाली. देवाच्या दिवशी चिडू नये म्हणतात, पण मी मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवली, नंदीलासुद्धा.

लॅबमध्ये पोचेपर्यंत बराच उशीर झाला होता. घाईघाईनं पापुद्रा भांड्यात लावला, हवा काढली, थंड करायला सुरुवात केली. थंड करणं आणि चमक मोजणं हे कंप्युटर आपोआप करतो. दिवस संपला, आलेख निघाला. उंचवटा होता. पण नेहमीच्या जागी नव्हता. या खेपेस तो बराच अलीकडे, टेकडी उतरता उतरताच आला होता.

मी ते कागद हातात धरून सरांकडे गेले. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला. "म्हणजे हा पापुद्रा आधी कसा थंड झाला यावर ते अवलंबून आहे! हे तर आणखीच इंटरेस्टिंग आहे." त्यांनी तिथल्या तिथे पेपरात एक नवा परिच्छेद घातला. मला म्हणाले, आता तुझा पेपर मोठ्या ठिकाणी जाणार. मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. पण मला आतून कुणीतरी ढुशा मारत होतं.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सरकला म्हणजे? डोंगर कसा सरकेल?" 

"तेच तर मला कळत नाहीये."

"मग सरांना विचार."

"सर खूश आहेत हो!"

"मग तू कशाला परेशान होतेस?" असं म्हणून त्यांनी टेबलावर उंचवटा थोडा अलीकडे काढून पाहिला. मला इतका राग आला की मी न जेवता उठले. आईनं ताट झाकून ठेवलं आणि आम्हा दोघांनाही ऐकू जाईल असं कपाळ बडवून घेतलं.

नंतर हरतालिका आली. आमच्याकडे हरतालिकेचा उपास म्हणजे पाणीसुद्धा नाही, चहा तर सोडाच. मी दर वर्षी आईशी भांडते की नवरा नको असताना त्याच्यासाठी उपाशी का मरायचं, आणि दर वर्षी उपास करते. आईशी भांडून जिंकणारा अजून जन्माला यायचाय. त्या दिवशी डोकं ठणकत होतं, तरी लॅबला गेले. मशिन मला त्याच आठवड्यात मिळालं होतं. त्या दिवशी बस वेळेवर. पापुद्रा वेळेवर लावला. थंड करणं सुरू.

अकरा वाजता सगळे चहाला गेले. आमच्या कँटीनमध्ये चहा तेवढाच वेळ मिळतो, म्हणून सगळं टाकून पळायचं. मी एरवी सगळ्यांच्या पुढे असते. त्या दिवशी उठले नाही. घसा कोरडा, डोळ्यांपुढे अंधारी, भांड्याशेजारी नुसती बसून स्क्रीनकडे बघत राहिले. एका जागी इतका वेळ मी कधी बसलेच नव्हते. चमक उतरत होती. छान उतरत होती. उंचवट्याची जागा आली. मी पुढे वाकले. चमक उतरतच राहिली. जागा मागे पडली. काही नाही. 

एरवी माझ्या बऱ्याच मागून येणारे बाकीचे चहा पिऊन हसत-बोलत परत आले, खुर्च्या ओढल्या. आणि त्या आवाजासरशी माझा हात आपोआप फोकसच्या, म्हणजे लेसर पापुद्र्यावर नेमका टेकवायच्या नॉबकडे गेला. बसून उठल्यावर आपण ओढणी सारखी करतो, तितक्या सहज. मी नॉब जरासा फिरवला. स्क्रीनवर चमक वर चढली. मी उलटा फिरवला, खाली आली. पुन्हा सुलटा, वर. तो उंचवटा माझ्या बोटांत होता.

मी तिथेच गार पडले. थंड झालं की तांबं आक्रसतं. आमचा पापुद्रा तांब्याच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, तो ठोकळा आक्रसताना पापुद्र्याला लेसरच्या नेमक्या टप्प्यातून किंचित खाली नेतो. केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढं पुरतं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. सर सांगायचे, "मधूनमधून फोकस बघत जा." पण फोकस सारखा करणं हे आमच्याकडे कुणी कामात धरतच नाही. आणि मधूनमधून म्हणजे कधी, तर चहा पिऊन आल्यावर. चहा रोज ठरल्या वेळी. मी रोज ठरल्या बसनं. म्हणून उंचवटा रोज ठरल्या जागी. चहापर्यंत पापुद्रा सरकत जायचा, चमक खोटी खोटी उतरायची, चहानंतर मी फोकस केला की एकदम वर यायची, पुन्हा उतरायची. सॉफ्टवेअर ते टोक गुळगुळीत करून द्यायचं. सवारीच्या दिवशी मी उशिरा सुरुवात केली आणि चहा मात्र वेळेवर आला. झाला डोंगर अलीकडे.

मला हसूही येत होतं आणि ओकारीही. उपासामुळे पोटात काही नव्हतं म्हणून बरं.

सरांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग उठले आणि म्हणाले, "सगळं नीट कर. प्रत्येक तापमानाला थांब, फोकस कर, मगच मोज. मग बोलू." त्यांच्या आवाजात आशा होती, आणि अहो, माझ्याही मनात होती. पुढच्या दिवसांत मी तसे दोन प्रयोग केले. दर पायरीला थांबायचं, पापुद्रा शोधायचा, फोकस, मोजणी. मनातल्या मनात मी गणपतीला साकडं घालत होते की थोडासा तरी राहू दे, लहानसा का होईना. टेकडी छान आली. वर गेली, उतरली, आणि उतरून सपाट झाली. दोन्ही प्रयोगांत. तिथे काहीच नव्हतं, कधीच नव्हतं. सरांनी कपाटाच्या दारावरचा आलेख काढला. चिकटपट्टीनं रंगाचा टवका निघाला, तो ते बराच वेळ नखानं खरवडत बसले. मला म्हणाले, "जाऊ दे. आता टेकडीच नीट लिही." मग वळून म्हणाले, "तू घरी जा आज."

सत्कार दुसऱ्या दिवशी होता. बसमध्ये मला सीट मिळाली तरी मी उभी राहिले. घरी गेले तर बाबा माझ्यासाठी आईची पैठणी इस्त्री करत होते. मी दारातच म्हटलं, "बाबा, तो खोटा निघाला." आणि सगळं सांगितलं. चहा, तांबं, नॉब. त्यांनी इस्त्री उभी केली. स्विच बंद केला. 

"पूर्ण गेला?"

"पूर्ण."

"थोडासुद्धा नाही?"

"नाही बाबा."

ते आत गेले आणि सचिवांना फोन लावला. काकांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "अहो, इथे कुणाला काय कळतंय! पोरीनं एवढी मेहनत केलीय, घेऊ द्या ना शाल. पत्रिकेत नाव छापलंय." बाबा ऐकत राहिले. मला माझ्या बाबांचं काही सांगता येत नव्हतं. मग ते म्हणाले, "नाव काढा. ती शाल मला घरी बघवणार नाही." 

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी येत नाही. बाबा म्हणाले, जायचं, तोंड लपवण्यासारखं काही केलेलं नाही. आई गौरीचं निमित्त काढून घरी राहिली. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो, पहिल्या रांगेत बसलो. बाबांनी प्रत्येक मुलासाठी टाळ्या वाजवल्या, सीए झालेल्या पुतण्यासाठी तर अंमळ जास्तच. जो तो येऊन विचारत होता, काय हो, तुमच्या लेकीचं काय झालं? बाबा प्रत्येकाला तेच सांगत होते, "चूक निघाली. तिनंच काढली." इतक्या ताठ मानेनं सांगत होते की काहींना वाटलं, हेच काहीतरी मोठं आहे, आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी हसून हात जोडले. दुसरं काय करणार?

येताना सिग्नल लागला. मंडपाचं स्पीकरवरचं गाणं अजून ऐकू येत होतं. बाबांनी पाय टेकला, आणि पुढे बघत, मागे न वळता म्हणाले, "मला तो उंचवटा फार आवडला होता गं."

"मलाही," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना. त्यांच्या पाठीवर डोकं ठेवलं तर त्यांची पाठही हलत होती. सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, कुणीतरी ओरडलं, "अंकल, चलो!" बाबांनी स्कूटर हलवली नाही.